म्हशीच्या जागी शेळी

पॉवर ॲम्प घेताना लोक वॉट बघतात, कंपनी बघतात, फार तर दुकानदाराचं तोंड बघतात. मी काटा घेऊन गेले. पडद्याच्या कापडाचे गठ्ठे ज्याला अडकवून तोलते, तो हातात धरायचा आकड्याचा काटा.

"ताई, हा ॲम्प आहे, कोबी नाही," जुन्या वाद्यांच्या दुकानातली बाई म्हणाली.

"माहितीये. कोबी मी डोळे मिटून घेते."

तिनं हसून मान फिरवली, पण काट्याकडे मात्र तिरक्या नजरेनं बघत राहिली. पहिल्या ॲम्पचं वजन बघून मी तो तसाच खाली टेकवला. दुसऱ्याला पंखा होता, आणि पंखा असा घरघरत होता की गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये लोकांना वाटावं, मागे कुणी तरी पीठ दळतंय. तिसऱ्याचं वजन बेताचं, पण किंमत ऐकून मीच बसायला खुर्ची शोधली.

हे सगळं आमच्या म्हशीमुळे. म्हैस म्हणजे माझा जुना गिटार ॲम्प. काचेच्या नळ्यांचा, पोटात लोखंडाचा गोळा, पुढे स्पीकर, सगळं एकाच लाकडी खोक्यात. आवाज असा की ऐकणाऱ्यानं डोळे मिटावेत. वजन असं की उचलणाऱ्यानंही. कित्येक वर्षं ती मी एकटीनं जिन्यावरून उतरवली, गाडीत घातली, परत चढवली, आणि कुणी मदतीला आलं की "राहू द्या, मला सवय आहे" म्हणत राहिले. सवय मला होती. खांद्याला विचारलं नव्हतं.

डावा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, वय आणि पडदे शिवणं, दोन्ही मिळून. हात पुढे येतो, वर जात नाही, आणि वजन घेतलं तर डोळ्यांपुढे चांदण्या. गिटार पोटाशी असते म्हणून वाजवता येतं, हे नशीब. वेणी नवरा घालून देतो. सुरुवातीला ती सुतळीसारखी व्हायची, आता बरी जमते.

ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती. बँडमध्ये मी सांगितलं, "म्हैस आटली. दुरुस्ती परवडायची नाही."

का नाही सांगितलं खरं? तर पुष्पगुच्छामुळे. आमच्याकडे पूर्वी एक बास गिटारवाला होता. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि तो ते सगळ्यांना सांगत बसला. आमचे मास्तर म्हणजे बँडचे गायक. पेशानं गाडी शिकवतात म्हणून मास्तर. त्यांनी एका कार्यक्रमानंतर त्याला स्टेजवर बोलावलं, "आता गुडघ्यांना विश्रांती द्या" म्हणाले, आणि हातात गुच्छ ठेवला. संपलं. त्याचा बास आमच्या कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं गिळला. तो बासवाला अजून प्रत्येक कार्यक्रमाला येतो, पहिल्या रांगेत बसतो आणि अचूक तालात टाळ्या वाजवतो. ते बघवत नाही.

आणि त्या कीबोर्डवाल्याच्या उजव्या हातालाही आता भूक लागली होती. तो दिवसा औषधांच्या दुकानात असतो. प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे गोळी असते, तसं प्रत्येक वाद्यावर बटण. "वहिनी, याच्यात गिटारपण आहे हं," असं तो मला अधूनमधून सांगायचा. प्रेमानंच. गोळी देणाराही प्रेमानंच देतो.

तेव्हा मला शनिवारच्या नाचाच्या कार्यक्रमाआधी म्हशीच्या जागी काही तरी उभं करायचं होतं. तालीम आणि कार्यक्रम आमचे एकाच हॉलमध्ये, आणि तिथे हॉलच्याच मालकीची एक स्पीकरची पेटी कायम पडून असते, त्यामुळे पेटीची चिंता नव्हती. माझ्याकडे एक प्रीॲम्प होता. पायाशी ठेवायचा, डब्याएवढा. वर्षभर त्याला हेडफोन लावून मी घरी सराव करत होते, म्हणजे वरच्या मजल्यावरचे सुखी आणि बातम्या बघणारा नवराही सुखी. प्रीॲम्प आवाजाला रंग देतो, पण त्याच्या अंगात स्पीकर हलवण्याची ताकद नसते. ती पॉवर ॲम्पची. एकानं काय बोलायचं ते ठरवायचं, दुसऱ्यानं ओरडायचं. आमच्या लग्नात ही दोन्ही कामं मीच करते, असं नवऱ्याचं मत आहे.

नवरा लिफ्ट तपासतो. त्यामुळे त्याचं ॲम्पबद्दलचंही म्हणणं एकच होतं. "सहा माणसांची लिफ्ट दहांच्या हिशेबानं बांधतात. मोठा घे आणि निम्म्यावर चालव."

"मोठा म्हणजे म्हशीचं रेडकू. तोही उचलायचा कुणी?"

"मी येतो ना उचलायला."

"आणि मग मास्तर विचारतील, आजवर नाही आलात ते आज कसे?"

त्यानं पुन्हा फोनवर माहिती वाचायला घेतली. चार दिवस आमच्या घरात वॉट, ओहम आणि उसासे याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी दुकानातल्या बाईनं कपाटाच्या मागून एक काढलाच. इस्त्रीएवढा. काट्याला लावला तर इस्त्रीपेक्षाही हलका. पंखा नाही, नळ्या नाहीत, एक मोठा नॉब आणि एक छोटा लाल दिवा. किंमतही अशी की एका हॉटेलच्या पडद्यांच्या मजुरीत बसावी.

"चालेल ना हा?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं?"

"ड्रम असतात हो आमच्यात. माझी नणंद वाजवते."

"मग नणंदेला आवरा. पण परत घेणार नाही हं मी," असं म्हणून तिनं त्याला एक स्पीकर जोडला, स्वतःचा फोन लावला आणि एक गाणं वाजवून दाखवलं. वाजलं. म्हैस गेली, शेळी आली, असं मनाशी म्हणत मी ती पिशवीत घातली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पिशवी झुलत होती. इतक्या हलक्या वस्तूवर माणसाचा विश्वास बसत नाही.

बुधवारच्या तालमीला नवरा "सहज" म्हणून आला आणि आल्याआल्या बॅटरी घेऊन हॉलच्या पेटीमागे शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं असल्यासारखा झाला होता.

"सोळा ओहमची आहे," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी शेळी चार ओहमवर पूर्ण दूध देते. सोळावर पाव. पेटी बघून का नाही घेतलीस?"

"मी शेळी बघत होते."

मी जोडलं सगळं. गिटार प्रीॲम्पला, प्रीॲम्प शेळीला, शेळी पेटीला. मास्तरांनी आकडे मोजले, गाणं सुरू झालं, आणि माझा आवाज आला तो कपाटात कोंडलेल्या माणसासारखा. कुणी तरी आहे एवढं कळावं, काय म्हणतंय ते कळू नये. मी नॉब वाढवला. तेच, फक्त आता मोठ्या कपाटात. प्रीॲम्पवर तीक्ष्णपणा वाढवला, जाडपणा काढला. काही नाही. तारा तर मी पूर्वीसारख्याच छेडत होते. हात तेच, बोटं तीच.

मास्तरांना गाताना काही खटकलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखाली जन्मभर ब्रेक असतो. तो पाय दाबला गेला.

"थांबा जरा. बाई, तुम्ही वाजवताय ना?"

"वाजवतेय की."

"वहिनी, नुसतं तुलना म्हणून हं," औषधवाला म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. माझीच ओळ, माझ्याच गाण्यातली, त्याच्या उजव्या हातातून निघाली. स्वच्छ, कडक, चकचकीत, दुकानातल्या बाटलीसारखी.

तेवढ्यात माझी नजर नणंदेकडे गेली. ही दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांचे जबडे धरून "हळू, अजिबात दुखणार नाही" म्हणते आणि संध्याकाळी उरलेलं सगळं ड्रमवर काढते. तिच्या काठ्या महिन्याला मोडतात. आज तिच्या हातात काठ्या नव्हत्या. तारांचे ते मऊ ब्रश होते, संथ गाण्यांना वापरायचे. तालमीच्या सुरुवातीपासून ती नुसती ड्रम झाडत होती, आणि तरीही मी ऐकू येत नव्हते. हिनं काठ्या घेतल्या असत्या, तर माझं काय उरलं असतं?

"शनिवारी दुपारी पुन्हा बघू," मास्तर म्हणाले. आवाज मऊ होता, हेच वाईट. "ऐकू आलात तर उत्तमच. नाही तर काय, एखाद्या कार्यक्रमाला विश्रांती घ्या."

विश्रांती. मला गुच्छाचा वास आला.

घरी येताना गाडीत नवरा बोलत होता. शेळी विकू, रेडकू घेऊ, म्हैस विकू, पेटी बदलू. मी खिडकीबाहेर बघत होते.

"सांगून टाक ना सरळ," तो शेवटी म्हणाला. "खांदा आहे, चोरी थोडीच केलीये."

"चोरी असती तर सांगितली असती. चोराला कुणी फुलं देत नाही."

दुसऱ्या दिवशी शिवणाचं काम बाजूला सारून मी हेडफोन लावून बसले. आणि हीच गोष्ट जास्त भीतीदायक निघाली, कारण हेडफोनमध्ये सगळं सुंदर होतं. भरीव, उबदार, प्रत्येक तार वेगळी. म्हणजे प्रीॲम्प ठीक. गिटार ठीक. मग मी अशीच का, की स्वतःच्या कानात छान वाजते आणि खोलीत आले की विझते? काही माणसं असतात तशी. न्हाणीघरात गातात आणि बैठकीत खाकरतात. वर्षभर एकटीनं कानांत वाजवून मी त्यांच्यातलीच झाले असेन तर? असल्या विचारांत मी एका पडद्याची दुमड उलटी शिवली आणि सगळी उसवली.

शुक्रवारी दुपारी एका गिऱ्हाईक बाईचा फोन आला. नवं घर घेतलेलं, निजायच्या खोलीचे पडदे मी शिवून दिलेले.

"अहो, भर दुपारी दिवा लावावा लागतोय! आम्ही जरा उजेड राहू द्या म्हटलं होतं. ही खोली आहे की फोटो धुवायची जागा?"

गेले. मनातून चरफडत, कारण ते कापड मी स्वतः उन्हाला धरून बघितलं होतं. मागे बेताचं अस्तर लावलेलं, सकाळ कळेल आणि डोळ्यांवर येणार नाही इतपत. खोलीत शिरले तर खरंच अंधार. स्टुलावर चढायचं नव्हतं, हात वर जाणार नव्हता, म्हणून पडदा खालूनच धरून उलटा केला. माझं अस्तर जागेवर. आणि त्याच्या मागे, दुसऱ्या दांडीवर, जुन्या मालकांनी सोडून दिलेलं एक काळं जाड अस्तर मुकाट लटकत होतं.

"बाई, हे काय?"

"ते? ते होतंच की आधीपासून. मला वाटलं, अस्तर लागतंच ना पडद्याला."

"लागतं. पण माझ्या पडद्यात ते शिवलेलं आहे. तुम्ही अस्तराला अस्तर लावलंत."

बाई ओशाळल्या. त्यांच्या मुलीनं स्टुलावर चढून मागचं अस्तर काढलं आणि खोलीत असा उजेड आला की आम्ही तिघी डोळे बारीक करून एकमेकींकडे बघू लागलो. बाई म्हणाल्या, "इश्श, एवढंच होतं होय!"

मी मात्र ते काळं अस्तर हातात धरून तशीच उभी राहिले.

कारण वर्षापूर्वी, प्रीॲम्प घरी आणला त्या दिवशी, हेडफोनमधून आवाज फार कर्कश येत होता. गिटारचा मूळ आवाज तसाच असतो. स्पीकरची लाकडी पेटी त्याची धार मारते, तेव्हा तो गोड लागतो. हेडफोनला पेटी कुठली? म्हणून प्रीॲम्पमध्येच एक सोय असते, पेटीचा आभास निर्माण करणारी. बारीकसं बटण दाबलं की आवाज पेटीतून आल्यासारखा होतो. मी ते दाबलं, आवाज गोड झाला, आणि त्यानंतर त्या बटणाकडे मी कधी बघितलंसुद्धा नाही. शिवलेलं अस्तर. आणि बुधवारी तो आवाज मी नेऊन घातला खऱ्याखुऱ्या पेटीत.

पेटीला पेटीचं अस्तर.

"ताई, काय झालं? बरं वाटत नाही का?" बाई विचारत होत्या.

"फार बरं वाटतंय," मी म्हटलं आणि माझी कात्री तिथेच विसरून घरी पळाले.

घरी येऊन बटण बंद केलं, हेडफोन लावले, तार छेडली. जणू गांधीलमाशी कानात शिरली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. नवऱ्याच्या कानाला एक बाजू लावली, तर तो मागे सरकला.

"हे असंच हवंय?"

"असंच हवं असणार."

"असणार?"

"इथे कळायचं नाही. खरी पेटी हॉलमध्ये आहे."

म्हणजे शनिवारपर्यंत माझ्या हातात फक्त एक तर्क, आणि तोही पडद्यावरून काढलेला. नवऱ्यानं सोळा ओहमची आठवण करून दिली. मी म्हटलं, कृपा करून वेणी घाल आणि गप्प बस. त्यानं दोन्ही केलं, आणि वेणी जरा घट्ट घातली.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावायचं काम चाललं होतं. मास्तर माइकची वायर गुंडाळत होते. औषधवाला आधीच बसला होता, दोन्ही हात कीबोर्डवर, जेवणाची वाट बघितल्यासारखा. गुच्छ कुठे दिसतोय का ते मी आधी बघून घेतलं. टेबलावर नव्हता, कोपऱ्यात नव्हता. पण असल्या वस्तू गाडीत ठेवतात.

शेळी पिशवीतून काढून पेटीवर ठेवली. वायरी जोडल्या. बटण बंद आहे ना, हे इतक्या वेळा बघितलं की बघताना चुकून दाबलं तर जाणार नाही ना, याची भीती वाटायला लागली. नॉब निम्म्यावर. तार छेडली.

आवाज पेटीतून सुटला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि परत येऊन माझ्याच छातीला लागला. खुर्च्या लावणाऱ्या माणसानं मान वर केली. गांधीलमाशी नव्हती, कपाट नव्हतं. मी होते, पण मी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. रिकाम्या हॉलमध्ये कुणाचाही आवाज घुमतो.

"हं," मास्तर म्हणाले. तेवढंच. "चला, गाणं घेऊ."

आणि तेव्हा नणंदेनं ब्रश खाली ठेवले, पिशवीतून नव्या कोऱ्या काठ्या काढल्या आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "वहिनी, आता मारू?"

"आणि बुधवारी काय करत होतीस?"

"झोपलेल्या पोराजवळून पाय न वाजवता चालत होते."

"तुला कुणी सांगितलं होतं तसं वाजवायला?"

"सांगायला कशाला हवं? महिनाभर बघतेय. टाटा करताना पूर्वी डावा हात वर करायचीस, आता गिटार सोडून उजवा हलवतेस. वेणी तर दादाची आहे हे आंधळ्यालाही कळेल, शेवटची गाठ वायरला मारतात तशी आहे."

"आणि म्हैस?"

"दादा लिफ्टवाला माणूस. बंद पडलेली वस्तू दुरुस्त न करता दोन दिवस तरी घरात ठेवेल का तो? आटली म्हणे! खांदा आटला म्हण." तिनं काठ्या एकमेकींवर टेकवल्या. "मी कुणाला बोलले नाहीये. पण जन्मभर ब्रश घेऊन बसणार नाही हं मी. मला चैन पडत नाही. सांग, मारू का?"

आत्ता "नको" म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. संध्याकाळही निभली असती. पण मग पुढच्या शनिवारीही नको, त्याच्या पुढच्याही नको, आणि एक दिवस तिच्याच हातून मला फुलं मिळाली असती, आणि तीही मऊच.

"मार," मी म्हटलं.

तिनं मारलं. पहिल्या ठोक्याला खुर्च्यांचे पत्रे थरथरले. मी गाण्यात शिरले आणि दोन ओळी मला मीच ऐकू आले नाही. ड्रम, ड्रम, मास्तर, औषधवाल्याचा डावा हात, आणि मी कुठेच नाही. सोळा ओहम. पाव दूध. औषधवाल्याची उजवी करंगळी त्या बटणाकडे सरकताना मला दिसली, की भासली, कोण जाणे. मधल्या एका रिकाम्या मात्रेत मी वाकले आणि नॉब फिरवला, निम्म्याच्या पुढे, पाऊण, त्याच्याही पुढे. लाल दिवा लुकलुकायला लागला. शेळीच्या अंगात जेवढं होतं तेवढं मी मागून घेतलं.

आणि पुढच्या ओळीला मी वर आले. ड्रमच्या अंगावरून, तिरकी, धारदार. नणंदेनं माझ्याकडे बघून दात काढले आणि आणखी जोरात मारलं. मी बुडाले नाही. खांदा ठणकत होता, बोटं पळत होती, आणि दिव्यावरची माझी नजर हटत नव्हती. आता विझेल, आता धूर येईल, आता संपेल.

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

ड्रम थांबले. कीबोर्ड थांबला. मी तारांवर हात ठेवला.

मास्तरांनी माइक तोंडापासून बाजूला केला आणि कपाळाला आठ्या घालून पेटीवरच्या त्या इस्त्रीएवढ्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "गिटार जरा कमी करता का? माझं मलाच ऐकू येत नाहीये."

"हो, करते की," मी म्हटलं.

वाकले, नॉबला दोन बोटं लावली, आणि तो होता तिथेच राहू दिला.